चेहऱ्यांची आतली बाजू

तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्सचा पहिला घास तोंडाशी नेतानाच प्रियदर्शिनीच्या फोनवर, आईबाबांच्या समोर राहणाऱ्या सिऊ लान आंटीचा निरोप आला. आंटी कधी लिहून पाठवायची नाही, बोलूनच पाठवायची. आपण लिहिलेलं आपल्यालाच वाचता येत नाही म्हणायची. प्रियदर्शिनीने फोन कानाला लावला. "गर्ल आह, युअर मामाज् पेपर पीपल, ऑल सेंड ऑलरेडी. व्हेरी नाइस फायर. यू डोन्ट वरी, हां." मागून झांजांसारखा काहीतरी पत्र्याचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं. समोरच्या टेबलावर बँकेतली तीन मुलं गळ्यातली ओळखपत्रं शर्टाच्या खिशात कोंबून सूप पीत होती. तिने निरोप पुन्हा ऐकला. सगळे शब्द ओळखीचे होते, पण ते जागेवर बसत नव्हते. पेपर पीपल म्हणजे आईने केलेले कागदाचे चेहरे. ते आज दुपारी म्युझियमच्या लॉरीतून जायचे होते. मग आठवलं, चिनी सातवा महिना चालू आहे. यिशुनला आईबाबांच्या ब्लॉकखाली या महिन्यात मोठं लोखंडी पिंप ठेवतात, त्यात म्हातारी माणसं कागदाची घरं, कागदाच्या मोटारी, कागदाचे नोकरचाकर जाळतात. जे जाळलं ते पलीकडे, गेलेल्या माणसांना मिळतं. पाठवलं म्हणतात. तिने चॉपस्टिक्स भांड्यावर आडव्या ठेवल्या, नीट, शेजारी शेजारी, आणि आपण एवढ्या नीट का ठेवतोय याचंच तिला नवल वाटलं.

बाबा फोन उचलत नव्हते. ती स्टेशनचा जिना उतरली, सिटी हॉलला गाडी बदलली, उत्तरेकडच्या गाडीत दाराशी उभी राहिली. ऑफिसात कळवलं नव्हतं. बसायला जागा होती, पण बसलं तर काहीतरी मान्य केल्यासारखं होईल असं वाटलं. आईला जाऊन चार महिने झाले होते. शेवटच्या वर्षात तिने जे चेहरे केले ते कुणीच पाहिले नव्हते. खोक्यांत घालून तिने स्वतःच चिकटपट्टी लावली होती. म्युझियमने त्यांच्यासाठी वेगळी खोली ठेवली होती, काळ्या भिंती, वरून एकच दिवा. प्रियदर्शिनीने ठरवलं होतं, पाहायचे ते तिथेच. यिशुनच्या ट्यूबलाइटखाली, कपड्यांचा स्टँड आणि तांदळाचा डबा यांच्या मध्ये उभं राहून आईचं शेवटचं काम पाहायचं नाही. ही तिला अदब वाटली होती. आता ऑर्चर्ड गेलं, न्यूटन गेलं, काचेत तिचाच चेहरा बोगद्याच्या अंधारावर हलत होता, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की ती अदब नसेल. नुसती भीती असेल. काही असो, ते चेहरे आता जगात असतील तर तिला दिसतील. नसतील तर आई शेवटी काय पाहत होती हे तिला कधीच कळणार नाही. एवढंच होतं, आणि गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबत होती.

आई मूळची डोमिनिकन रिपब्लिकमधल्या ला व्हेगा गावची. इदालिया. शाळेत नकाशावर दाखवायला सांगितलं की प्रियदर्शिनी बोट समुद्रात ठेवायची, इतका तो देश लहान दिसायचा. त्या गावात कार्निव्हलला सैतानाचे मुखवटे घालून लोक रस्त्यावर उतरतात, शिंगं, दात, बटबटीत डोळे, आणि आईचे वडील ते मुखवटे करत. आधी मातीचा साचा, त्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर, एकावर एक, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. मग साच्यावरून तो चेहरा उचलायचा, शिंगं बसवायची, रंगवायचा. घरातल्या मुलींनी कागद फाडून द्यायचे. चेहऱ्याला हात मुलग्यांनी लावायचा. आई सांगायची, "मी इतका कागद फाडला, इतका फाडला, की माझ्या बोटांना माणसापेक्षा कागद जास्त ठाऊक आहे." ही गोष्ट ती मराठीतून सांगायची, नागपूरच्या आजीकडून फोनवर शिकलेल्या मराठीतून. त्या मराठीत 'करून राहिली', 'पाहून राहिली' असायचं, र घशात घोळून यायचा, आणि मध्येच ती मुलीला तिच्या गावच्या रीतीने लाडाने 'मामी' म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीने बाबांना फोनवर बोलावून घेतलं. मग म्हणाली, "शिवदास, ही पोटच्या पोरीले मामी काऊन म्हणते रे? आपला मामा कोणता मग?" आई त्यावर आठवडाभर हसत होती. आजीनेच तिला दुसरंही एक शोधून दिलं. आईच्या गावची खळ ज्या कंदाची, त्याच कंदाचा साबुदाणा होतो. म्हणजे नागपूरच्या प्रत्येक घरात माझ्या बापाच्या दुकानातली खळ शिजते, फक्त तुम्ही ती खाऊन टाकता, असं आई म्हणायची.

न्यूयॉर्कमध्ये ती मावशीकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. इस्पितळात साफसफाई करायची आणि संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जायची, तिथे तिला मातीला हात लावायला कुणी अडवलं नाही. बाबा तेव्हा कंपनीकडून काही महिन्यांसाठी गेले होते. कपडे धुवायच्या सार्वजनिक दुकानात बसून ते नागपूरहून आलेला जुना पेपर वाचत होते, आजीने लोणच्याच्या बाटल्या गुंडाळून पाठवलेला. शेजारच्या मशीनवर टेकलेल्या मुलीने विचारलं, वाचून झाला का. त्यांना वाटलं हिला वाचायचाय. ते प्रामाणिकपणे म्हणाले, तुम्हाला ही भाषा येणार नाही. ती म्हणाली, वाचायला कोण मागतंय, कागद चांगला दिसतोय. हा प्रसंग बाबा कधी सांगत नसत. आई सांगायची, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टासकट, आणि बाबा ताटातल्या भाजीकडे पाहत बसायचे. तिने स्वतः घडवलेला पहिला चेहरा त्या पेपरचा होता. आतून अजून वाचता येतो: बाजारभाव, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी, अर्धी जाहिरात. तो चेहरा आता दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या संग्रहालयात काचेमागे आहे, आणि पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांशिवाय कुणी त्याला हात लावू शकत नाही.

गाडी बिशानच्या पुढे उघड्यावर आली. डब्यात एकदम ऊन भरलं आणि सगळ्यांनी डोळे बारीक केले. दोन्हीकडे ब्लॉकच्या रांगा, प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर काठ्या, काठ्यांवर कपडे. सगळं त्या काठ्यांवरून सुरू झालं होतं. लग्न करून यिशुनला आल्यावर पहिली कितीतरी वर्षं आई कुणीच नव्हती. शिवदासची बायको होती. कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांना कागदाची फुलं शिकवणारी बाई होती. भारतीय बायकांना ती भारतीय वाटली तर हिंदीत बोलायच्या, नाही वाटली तर गप्प व्हायच्या. घरात चेहरे वाळवायला जागा नसे म्हणून ती ते कपड्यांच्या काठीला चिमट्यांनी लटकवायची, तोंड घराकडे करून, म्हणजे रंगवलेल्या बाजूचा रंग उन्हाने उडणार नाही. बाहेरच्या जगाला दिसायची ती पोकळ बाजू. एक दिवस समोरच्या ब्लॉकमधली बाई तणतणत दारात आली. तीच सिऊ लान आंटी. "यू टेक डाऊन! आय वॉक हिअर, दे लुक. आय वॉक देअर, दे लुक. माय हजबंड ऑल्सो कॅनॉट ईट!" आईला तिचं इंग्रजी अर्धं कळलं, पण बाई किती घाबरलीय ते पूर्ण कळलं. तिने आंटीचा हात धरून तिला तिच्याच ब्लॉकखाली नेलं आणि दोघींनी तिथून वर पाहिलं. प्रियदर्शिनी सात-आठ वर्षांची होती, ती मागून पळत गेली होती. तिला आजही ते दिसतं: खूप उंचावर, बनियन आणि टॉवेल यांच्या मध्ये, ते चेहरे. ते आत दबलेले होते हे तिला माहीत होतं, सकाळीच तिने त्यांच्यात बोट घालून पाहिलं होतं. पण खालून ते बाहेर आलेले दिसत होते, जिवंत, आणि ती डावीकडे सरकली की ते मान वळवून तिच्याकडे बघत होते. उजवीकडे सरकली की उजवीकडे. सगळे, एकाच वेळी.  आईने आपल्या छातीवर हात ठेवला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली, आणि आंटी, तिला काय कळलं कोण जाणे, हळूच म्हणाली, "येस लाह, येस." त्या दिवसानंतर आईने चेहऱ्याची बाहेरची बाजू रंगवली नाही.

नंतर जे झालं ते लोकांना ठाऊक आहे, म्हणजे ज्या लोकांना अशा गोष्टी ठाऊक असतात त्यांना. तांजोंग पगारमधल्या एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पहिलं प्रदर्शन. मग बाहेरचे देश. मग म्युझियमचा मोठा हॉल, छतापासून जमिनीपर्यंत पोकळ चेहरे, आणि माणसं आत शिरताना बोलत शिरायची आणि काही पावलांत गप्प व्हायची. प्रियदर्शिनी त्या हॉलच्या दाराशी तासभर उभी होती ती चेहरे पाहायला नव्हे. माणसं गप्प होतात ती नेमकी जागा पाहायला. कॉलेजच्या पोरी, सुटातले पुरुष, एक आजोबा चाकांच्या खुर्चीत, सगळे त्याच जागी. तिथे जणू हवेतच एक उंबरठा होता. तिने पुष्कळ वाचलं होतं, चित्रकलेवर, मुखवट्यांवर, देश सोडलेल्या माणसांवर, आणि त्या दिवशी त्यातलं काहीच कामाला आलं नाही. पेपरवाले आईला विचारायचे, तुम्ही स्वतःला कुठली कलावंत म्हणवता, कॅरिबियन की भारतीय की इथली. आई म्हणायची, "यिशुनची. बस येत नाही तिथली." रात्री घरी भांडी घासताना ती भांडंही उलटं-सुलटं करून त्याच्या आत बघायची. बाबा त्या उद्घाटनाला आले होते. कोपऱ्यात उभे राहिले, सरबत प्यायले, सगळ्यांशी नमस्कार-जयभीम करावा तसे वाकून बोलले आणि दिवे कुठल्या कंपनीचे आहेत ते विचारून आले. प्रियदर्शिनीला वाटायचं, या घरात पाहणारे दोनच, आई आणि मी. बाबा सोबतीला आहेत.

शेवटच्या वर्षी आईचे हात थरथरायला लागले. तिने साचे लहान केले नाहीत. पलंगावर पाट घेऊन बसायची, एका थराला सकाळ जायची. फक्त गेलेल्यांचे चेहरे करून राहिली मी, एवढं तिने सांगितलं होतं, आणि एक जिवंत. कोण ते सांगितलं नाही. "झाल्यावर बघ, मामी. अर्धं बघितलं की अर्धंच राहतं."

यिशुन स्टेशनवरून ती जवळजवळ पळतच निघाली. ब्लॉकखाली उघड्या जागेत धूर होता, पण जुना, खाली बसलेला. राखेचे काळे कपटे वाऱ्यावर हळूहळू फिरत होते आणि एका लहान मुलाच्या गाडीवर उतरत होते. पिंपाशेजारी घडीच्या टेबलावर संत्री, भाताची वाटी, उदबत्त्या; टेबलाभोवती दोन-तीन म्हाताऱ्या बायका. आईची खोकी भिंतीशी चपटी करून ठेवली होती, दोरीने बांधून, रद्दीवाल्याला देतात तशी. तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत सिऊ लान आंटी बसली होती. तिच्या मांडीवर टॉवेल, टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं.

"आंटी, हू टोल्ड यू?" प्रियदर्शिनीचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला.

"टोल्ड व्हॉट? युअर पापा ब्रिंग डाऊन. बॉक्स ब्रेक, ऑल द फेसेस कम आऊट, राइट हिअर." आंटीने पायाने जागा दाखवली. पिंपाच्या अगदी पुढ्यात. "सेव्हन्थ मंथ, पेपर फेस, युअर मामा जस्ट गो. आय से, अंकल, धिस वन फॉर इदा? ही नॉड. यू ऑल बुद्धिस्ट व्हॉट, सो आय थिंक, गुड, नाऊ दे डू प्रॉपर्ली."

प्रियदर्शिनीच्या घशात हसू आलं की काय ते तिला कळलं नाही. बाबा दरवर्षी चौदा ऑक्टोबरला नागपूरला फोन लावून दीक्षाभूमीवरची गर्दी विचारणारे बुद्धिस्ट. आत्मा नाही, परलोक नाही, पिंडदान नाही, असं तिला गुणाकाराच्या पाढ्यांसारखं पाठ करून घेणारे. मांडई नावाच्या इथल्या स्मशानात त्यांनी आईसाठी त्रिशरण म्हटलं, आणि आंटीने जाळायला आणलेले खोटे कागदी पैसे हात जोडून, अगदी नम्रपणे, परत दिले होते.

"इट वॉज फॉर म्युझियम, आंटी."

  "आयो," आंटी म्हणाली, "लॉरी कम. आय टेल द मॅन, सॉरी, फिनिश ऑलरेडी. ही लुक अ‍ॅट मी लाइक आय अ‍ॅम सियाओ, क्रेझी." तिने टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग तो पुढे केला. "धिस वन नेव्हर सेंड. धिस वन यू. यू स्टिल अलाइव्ह, कॅनॉट बर्न. व्हेरी बॅड. आय सी, आय नो स्ट्रेट अवे, आय टेक आऊट."

टॉवेल हलका होता, रिकाम्या भांड्यासारखा. प्रियदर्शिनीने तो उघडला नाही. छातीशी धरला.

बाबा खांबापलीकडे दगडी टेबलाशी बसले होते, बुद्धिबळाचा पट कोरलेल्या. हातावर राख, चष्म्यावर राख. त्यांनी तिला पाहिलं आणि उठायला गेले, उठले नाहीत.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं ती काय विचारतेय ते?"

"पहिल्यांदा नाही. मला वाटलं, आईची आहेत का विचारून राहिली. मी हो म्हटलं." त्यांनी टेबलावरची राख बोटाने सरकवली. "नंतर कळलं. त्यांनी काड्या पेटवल्या तेव्हा कळलं."

"मग थांबवलं का नाही?"

"थांबवणारच होतो. हात वर केला होता मी." त्यांनी हात वर करून दाखवला, वर्गात करावा तसा. "काही पोचत नाही, दर्शू. कुठंच नाही. ते मला ठाऊक आहे, आजही ठाऊक आहे. पण पहिला चेहरा पेटला ना, तो उलटा पेटला."

"उलटा म्हणजे?"

"म्हणजे तिनं जसा केला, त्याच्या उलट. आधी आतला रंग गेला. मग शेवटी लावलेला कागद सुटला, अख्खा, संत्र्याची साल निघावी तसा, आणि वर गेला. त्याच्याखालचा मग काळा पडला, तो सुटला. मग त्याच्याखालचा. एकेक. जशी ती लावायची तसाच सावकाश." ते श्वास घेऊन पुन्हा म्हणाले, "इतकी वर्षं ती त्याच घरात करून राहिली होती. मी कधी बसून पाहिलं? ऑफिस असायचं. मग पेपर असायचा. मला वाटायचं वाळायला वेळ लागतो, झाल्यावर पाहू. आज सगळं पाहिलं. शेवटापासून सुरुवातीपर्यंत. मला हात खाली घ्यायचंही सुचलं नाही. त्या बायकाही बोलेनात. कोणी पुढचा चेहरा आत टाकतच नव्हतं, आधीचा पूर्ण होईपर्यंत."

तिचा फोन वाजला. म्युझियममधली ऋता, मूळची मुंबईची, या प्रदर्शनाचं सगळं तीच पाहत होती. "प्रियदर्शिनी, ड्रायव्हर काहीतरी भलतंच सांगतोय. जाळले म्हणे. खरं नाही ना?"

"खरं आहे."

पलीकडे ऋता खुर्चीत बसल्याचा आवाज आला. "सगळे? एकसुद्धा नाही?"

"एक आहे. पण तो द्यायचा नाहीये." आपण असं म्हणू हे तिलाच माहीत नव्हतं. "उद्या बोलते, ऋता. आज बाबांजवळ बसायचंय."

ती दगडी स्टुलावर बसली. ऊन उतरलं होतं आणि ब्लॉकची सावली समोरच्या ब्लॉकच्या पायाला लागली होती. तिच्या मनात अजून राग होता, पण तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं, परक्याच्या घरात ओली छत्री घेऊन उभं राहावं तसं. आईचं शेवटचं काम घरातल्या एकाच माणसाने पूर्ण पाहिलं होतं. जगातल्या सगळ्या माणसांत या माणसाने. दिव्यांची कंपनी विचारणाऱ्या.

"शेवटी काय राहायचं?" तिने विचारलं.

"शेवटी तिचा पहिला थर. तो जळून गेलेला असायचा, पण पडायचा नाही. नुसती राख, करडी, आणि चेहरा पूर्ण. नाक, ओठ. पापण्यासुद्धा, दर्शू, कागदाच्या पापण्या मला दिसल्या म्हणून सांगतो. आरपार उजेड यायचा. इतका वेळ," त्यांनी श्वास रोखला आणि सोडला, "आणि मग बसायचा." चष्मा काढून ते शर्टाला पुसायला लागले, राख आणखी पसरली. "तिचा स्वतःचाही होता. आंटी म्हणाली, हा घरच्यानं द्यायचा. मी दिला. माझ्या हातानं."

प्रियदर्शिनीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर भाजल्याची लाल रेघ होती, त्यांना ती कळलेली दिसत नव्हती. टॉवेलातला चेहरा मांडीवर ठेवून तिने आपली पाण्याची बाटली त्या रेघेवर ओतली. ते लहान मुलासारखे हात पुढे करून बसले.

"पहिला कोणाचा होता?"

"तिच्या वडिलांचा. मी फोटोत पाहिलाय ना त्यांना, ओळखलं. शिंगं नव्हती, काही नव्हतं. साधा माणूस."

"कसा होता? कपाळापासून सांगा."

बाबांनी ओले हात वर उचलले. ज्या हातांनी तिला कधी कागदाची होडीसुद्धा करून दिली नव्हती, ते हवेत एकमेकांसमोर थांबले, थोडे लांब गेले, पुन्हा जवळ आले, मनाशी रुंदी नक्की करत. "एवढं," ते म्हणाले. मग अंगठे भुवयांवरून खाली उतरले, गालांपाशी आत वळले, हनुवटीपाशी अडखळले, परत वर जाऊन पुन्हा उतरले, कारण पहिल्या वेळी चुकलं होतं. पिंपाजवळच्या बायका बोलायच्या थांबल्या. त्या दोन हातांच्या मध्ये काहीही नव्हतं, पलीकडची सायकल दिसत होती. प्रियदर्शिनी श्वास न घेता तिथे पाहत होती.

"झाला?" ती म्हणाली.

"नाही गं. अजून कान राहिले."